धुरळगडची पिकअप आणि चंपीची न्याहारी

उद्या दसरा, आणि राजांची पिकअप आजही अर्ध्या घाटात बसली!

आता काय सांगायचं! धुरळगडच्या राज्याची हद्द घाटाच्या माथ्यावर. दसऱ्याला राजानं आपल्या वाहनातून ती ओलांडायची, असा रिवाज. वर शेजारचे राजे, म्हणजे राणीसाहेबांचे सख्खे भाऊ, आपट्याची पानं घेऊन वाट बघायचे. गेल्या दसऱ्याला ते अंधार पडेपर्यंत उभे राहिले आणि शेवटी वरूनच ओरडले, "दाजी, खाली येऊन ढकलू का?"

तेव्हापासून राजे रणधुमाळरावांना अन्न गोड लागेना. गाडी डिझेलची, टर्बोवाली, मागे चांदीचं सिंहासन आणि छत्री. प्रधान विसोपंतांनी शहरातून आणखी मोठा टर्बो आणवला. बसवला, पूजा केली, गाडीला हार घातला. गाडी आणखी हळू! मग ताकद वाढवणारी चिप आणली. पूजा, हार. आणखीच हळू! मग घागरीएवढ्या तोंडाचा सायलेन्सर आला. तो दिसायला फारच रुबाबदार, म्हणून दोन हार पडले. आता वाटेतल्या म्हशी गाडीच्या पुढे जाऊन मागे वळून बघायला लागल्या. मागून धूर मात्र काळाकुट्ट निघायचा, आणि विसोपंत टाळ्या पिटायचे, "वा! काय ताकद आहे!"

बरं, धुरळगडात राजाच्या वाहनाला घातलेला हार कधीच काढत नाहीत. काढला की राजाचा मान गेला! त्यामुळे हारावर हार, थरावर थर. गाडीची जाळी, दिवे, नंबर, सगळं झेंडूखाली गडप. पुढची बाजू कुठली हे ओळखायला ड्रायव्हर आधी हॉर्न वाजवून बघायचा.

आज गाडी बसल्यावर गेनबा मिस्त्री एवढंच म्हणाला होता, "महाराज, हार उतरवा. गाडीला श्वास घेता येईना."

झालं! राजे भडकले. "माझा मान उतरवतोस? उद्या गाडी चढली नाही, तर तुलाच जुंपतो तिला! जन्मभर दर दसऱ्याला तूच ओढायची!" आणि गेनबाला हत्तीखान्यात कोंडलं.

गेनबाची मुलगी हौसा शेळ्या राखायची. बापाला कोंडल्याचं कळताच ती शेळ्या तशाच सोडून दरबारात धावली.

"महाराज, गाडी मी चढवते. माझ्या बाला सोडा!"

"तू?" विसोपंत फिदीफिदी हसले. "कोणतं सामान बसवणार?"

"कोणतंच नाही."

"मग चढव!" राजे म्हणाले. "पण ऐक. नवीन काही बसवायचं नाही, पान्हा लावायचा नाही, कोणी ढकलायचं नाही. आणि गाडीवर चढलेल्या माझ्या हाराला कुणाही माणसाचा हात लागता कामा नये!"

"कुणाही माणसाचा?"

"कुणाही माणसाचा! प्रधानाचासुद्धा नाही!"

"पक्कं ना, महाराज? नंतर शब्द फिरवाल."

"राजा आहे मी!" राजे गरजले. "शब्द फिरवायला मी काय प्रधान आहे?"

दसऱ्याची सकाळ झाली. राजे थाटात सिंहासनावर चढले. गेनबाच्या खांद्यावर जू ठेवून त्याला बंपरजवळ उभं केलं. पुरोहितांनी ताजा, हातभर जाड हार चढवला, आणि तेवढ्यात वाड्याच्या दारातून हौसाचा अख्खा कळप आत घुसला! सगळ्यांत पुढे चंपी शेळी. तिनं गाडीकडे बघितलं, एकदा बेंबाटली आणि ताज्या हाराचा मोठा लचका तोडला.

"धरा! हाकला!" विसोपंत किंचाळले.

शिपाई धावले. हौसा आडवी आली. "खबरदार! हार शेळीच्या तोंडात आहे. ओढाल तर हाराला माणसाचा हात लागेल!"

शिपाई जागच्या जागी थबकले. शेळ्या थर उलगडत गेल्या. ताजा झेंडू, सुका झेंडू, चिपचा हार, टर्बोचा हार. एकीला तर परवा हरवलेली पुरोहितांची टोपी सापडली. तीही तिनं खाल्ली.

"अगं, माझा मान खातायत या!" राजे ओरडले.

"आवडीनं खातायत, महाराज! शेजारच्या राजांचा मान कुणी शेळी हुंगते तरी का?"

राजांनी मिशीला पीळ दिला. गोष्ट खरी होती.

जाळी मोकळी झाली. ड्रायव्हरनं चावी फिरवली आणि मागून धूरच निघेना! विसोपंतांनी गळा काढला, "ताकद गेली हो!"

"तुम्ही चढा तरी मागे," हौसा म्हणाली. तिनं बापाला जुवासकट वर ओढलं. शेवटचा हार चघळत चंपीही उडी मारून बसली.

आणि काय सांगू! इतके दिवस हवेविना कोंडलेला तो मोठा टर्बो, ती चिप आणि तो घागरतोंड्या सायलेन्सर एकदम जागे झाले. गाडी अशी सुटली की पहिल्याच वळणावर छत्री उडाली, दुसऱ्यावर विसोपंतांची पगडी, आणि तिसऱ्यावर विसोपंतच सिंहासनाखाली गेले. हद्द कधी ओलांडली हे कुणाला कळलंच नाही. मेहुण्यांनी आपट्याच्या पानांसकट घाणेरीच्या झुडपात उडी मारली.

गाडी थांबली. राजांनी मुकुट सरळ केला, झुडपात वाकून बघितलं आणि गोड आवाजात विचारलं, "मेहुणे, बाहेर ओढू का?"

मग राजांनी स्वतःच्या हातांनी गेनबाच्या खांद्यावरचं जू काढलं. बापाला मोकळा बघून हौसाच्या डोळ्यांना धार लागली. राजेही खुशीत आले आणि सवयीनं ओरडले, "आणा रे, मोठा हार आणा गाडीला!"

मेहुण्यांकडचा हार आला. राजांनी तो जाळीवर धरला. चंपीनं लगेच मान लांब केली.

"घाला की, महाराज!" हौसा डोळे पुसत म्हणाली. "तिची नुसती न्याहारी झालीय. जेवण व्हायचंय अजून!"

राजांनी हाराकडे बघितलं, शेळीकडे बघितलं, आणि असे खदाखदा हसले की मुकुट पुन्हा वाकडा झाला. तो हार त्यांनी गेनबाच्या गळ्यात घातला, त्याला राज्याचा मुख्य मिस्त्री केलं, हौसाला घाटमाथ्यावरचं कुरण दिलं आणि चंपीला राजवाहनाची हारखाती नेमलं.

चंपीनं मात्र हुकूम संपायची वाट बघितली नाही. ती गेनबाच्या गळ्यातल्या हाराला लागलीसुद्धा.