पांढरा फुटवा

घाटातल्या वाटांना अजून नावे पडली नव्हती, इतक्या जुन्या काळी डोंगराच्या कुशीतल्या एका गावात दोन भाऊ राहत होते. थोरल्याचे लग्न झालेले, धाकटा अजून एकटाच. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून धाकट्याला थोरला हाच आई आणि थोरला हाच बाप.

थोरल्याने रानातून एक वेल आणली होती. पाने हिरवी, पण त्यांवर दुधाचे शिंतोडे उडावेत तसे पांढरे डाग. माजघरातल्या खिडकीशी त्याने ती मातीच्या कुंडीत टांगली. वेल लोंबत लोंबत खाली आली. थोरला मातीत बोट घालून बघायचा आणि कोरडी लागली तरच पाणी द्यायचा. कधी एखादा फुटवा सगळाच पांढरा निघायचा. तसला फुटवा मात्र थोरला खुडून टाकायचा.

मग थोरला तापाने फणफणला. पाणी, पाणी करत राहिला, पण वैद्याने पाणी देऊ दिले नाही. तसाच तो गेला.

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. झाडावर कावळे नुसते बघत बसले. अशा वेळी गेलेल्याच्या मनात काय अडकले आहे ते ओळखून त्याला शब्द द्यायचा, ही तिथली रीत. कोणी म्हणाले, "तुझ्या बायकोला अंतर देणार नाही." कोणी म्हणाले, "शेत पडीक ठेवणार नाही." कावळे हलले नाहीत. धाकट्याला ते बघवेना. तो ओरडला, "दादा, तुझी वेल मी जपेन! तिचा एक फुटवासुद्धा खुडणार नाही!"

त्याच क्षणी एक कावळा खाली उतरला. कदाचित त्याला भूक लागली असेल. पण धाकट्याला हे सांगणार कोण?

काही दिवसांनी वेलीला एक पांढराशुभ्र फुटवा आला. हिरवा ठिपका म्हणून नाही. धाकट्याने तो खुडला नाही. कोवळी पाने उन्हाने करपू लागली, तशी त्याने खिडकी लावून घेतली. अंधारात तो फुटवा झपाट्याने वाढू लागला. बारीक, लांब, फिकट. धाकट्याच्या अंथरुणाच्या दिशेनेच सरकू लागला.

एका दुपारी वारा नसताना तो हलला.

"तहान लागली रे."

आवाज दादाचा होता. तापातला, घसा बसलेला. धाकट्याने धावत जाऊन घागर आणली आणि अख्खी कुंडीत ओतली. मग रोजच ओतू लागला.

वहिनी दारात येऊन थांबली. "भाऊजी, खिडकी उघडा. घराला कुबट वास येतोय."

"उघडू नकोस. त्याला ऊन सोसत नाही."

"त्याला? कोणाला?"

वहिनीने फुटव्याकडे पाहिले.

"अहो, त्या पांढऱ्याला स्वतःपुरतंसुद्धा रांधता येत नाही. हिरव्या पानांच्या चुलीवर जेवतं ते. तुमचे दादाच म्हणायचे, एखादा पाव्हणा असू दे, पण सगळेच पाव्हणे झाले तर शिजवायचं कोणी?"

"तू दादाला पाव्हणा म्हणतेस?"

"मी फुटव्याला म्हणते. आणि जरा आरशात बघा. अस्वल समोर आलं तर तेच वाट सोडून पळेल. चला, जेवायला."

तो गेला नाही. वहिनीची पावले दूर जाताच आवाज आला, "ही हिरवी पानं माझ्या वाटणीचं खातात."

धाकट्याने एक हिरवे पान तोडले. मग दुसरे. एकही फुटवा खुडणार नाही म्हणणारा तो, त्याने वेलीची सारी हिरवी पाने ओरबाडून काढली. शेवटचे तोडतानाही तो थांबला नाही.

"अजून," आवाज म्हणाला.

"आता काही उरलं नाही, दादा."

"तू आहेस ना."

फुटव्याचे टोक त्याच्या मनगटावर टेकले. गार, ओलसर. मग हळूच त्याने मनगटाला वेढा घातला. धाकट्याने डोळे मिटले. "घे," तो म्हणाला. "सगळं घे."

वहिनी ताट घेऊन आली होती. तिने ते पाहिले. पण ती ओरडली नाही. ताट खाली ठेवून तिने विचारले, "भाऊजी, तुमचे दादा भाकरी कशी मोडायचे?"

"मोठा तुकडा मला द्यायचा."

"तुमच्या ताटातलं कधी उचललं त्यांनी?"

"कधीच नाही."

"मग हे मागतंय ते कोण?"

धाकट्याने डोळे उघडले. "तू कोण आहेस?" त्याने विचारले. फुटव्याने वेढा आणखी आवळला.

धाकट्याने तो धरून ओढला. फुटवा तुटला नाही, त्याच्याबरोबर अख्खी वेलच कुंडीतून निघून आली. मुळे काळी पडून सडली होती. एकही पेर हिरवे नव्हते की पुन्हा लावावे. बघता बघता पांढरा फुटवा त्याच्या हातात मऊ झाला आणि तपकिरी पाणी होऊन बोटांतून गळून गेला.

वहिनीने खिडकी उघडली. धाकटा मातीने भरलेले हात घेऊन तिथेच बसला आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच हमसून हमसून रडला. दादाने लावलेली एकच जिवंत गोष्ट त्या घरात उरली होती, आणि ती दादाचेच नाव घेऊन त्याने मारली होती.

म्हणून, लहानांनो आणि थोरांनो, ध्यानात ठेवा: गेलेल्याची आठवण जिवंताच्या जिवावर पोसू नये, कारण तशाने जिवंतही उरत नाही आणि आठवणही उरत नाही.