येसाई सुईणीने मागितला राजाचा पुरावा

"तीन दिवसांत आपली ओळख पुन्हा पटवा, नाहीतर खजिन्यातली ठेव सरकारजमा!" हिरडगडच्या रणधवल राजाने दवंडी पिटवली आणि गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

झालं होतं असं, की कुणा भामट्याने मेलेल्या माणसाच्या नावावर खजिन्यात पैसे ठेवले आणि तेच काढून रानातल्या बंडखोरांना तलवारी पुरवल्या. राजा भडकला. दिवाणजींनी लगेच नियम काढला: ठेवीदाराचा जन्म डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार हवा, त्याने जन्मखूण सांगावी, आणि त्या साक्षीदाराची स्वतःची ओळखही अशीच पटलेली हवी. डोकं म्हणतात ते हे!

गावातले बहुतेक जन्म पाहिलेली एकच बाई, येसाई सुईण. सगळे तिच्या दारात जमले. पण सत्तरी उलटलेल्या येसाईचा जन्म पाहिलेलं कोण उरलंय? खजिन्याच्या कारकुनाने तिलाच परत पाठवलं. म्हशीसाठी जमवलेली तिची ठेवही अडकली. म्हैस विकणारा उद्यापर्यंतच थांबणार होता. येसाई तणतणत दरबारात शिरली.

"महाराज, माझे पैसे द्या!"

"साक्षीदार आण."

"समदे वर गेले. बोलवायला शिपाई धाडता का?"

दरबार खुसखुसला. दिवाणजी कडाडले, "नियम म्हणजे नियम! कुणालाही सूट नाही."

"महाराजांनाबी?"

"मलासुद्धा!" राजाने मिशीला पीळ दिला. "खजिन्यात माझीही ठेव आहे."

"मग तुमची ओळख पटली का?"

"मला कोण ओळखत नाही?"

"मला तरी कोण ओळखत न्हाई? कारकुनाला चालत न्हाई त्याला मी काय करू! तुमचा जन्म कुणी पाहिलाय?"

राजमाता कधीच देवाघरी गेल्या होत्या. राजा पुटपुटला, "तू."

"व्हय, मी! पायाळू व्हता तुम्ही, दोन दिवस छळलंत. खूणबी सांगते. उजव्या..."

"बस, बस!" राजा घाईने सिंहासनावर नीट टेकून बसला.

"पण कारकून म्हणतो, मी येसाईच न्हाई. म्हंजे माझी साक्ष खोटी. मग तुम्ही राजे कशावरून? आन् तुम्ही राजे नसाल, तर ही दवंडी पिटवली कुणी?"

दिवाणजी उगाच पगडी सारखी करू लागले. राजा मात्र हट्टाला पेटला. "मग तो भामटा कसा सापडायचा?"

"कुणाच्या नावावर आला व्हता?"

"जानू तांबट."

"जानू? तो शिमग्यातच गेला की! समदी आळी त्याला पोचवायला गेलेली. महाराज, मानूस कधी जन्मला ते कशाला विचारता? शेजाऱ्याला विचारा, आज सकाळी दिसला का!"

राजा पोट धरधरून हसला. "नियम रद्द! यापुढे शेजाऱ्याची साक्ष चालेल. येसाईची ठेव आत्ताच्या आत्ता द्या, आणि म्हैस आमच्याकडून! दिवाणजी स्वतः हाकत नेऊन तिच्या गोठ्यात बांधतील!"