हौदावरची फळी

“पण सर, यात खोट काय आहे ते तरी सांगा!”

सुभान मुजावरला एका जागी बसवत नव्हतं. इमारतीचा भार कुठं जातो आणि तुळई कशी वाकते, हे पोरांना दाखवणारी चित्रं त्यानं संगणकावर तयार केली होती. उद्यापासून कॉलेजात तीच वापरायची होती. प्राचार्यांची अट एकच. आधी हत्तरकी सरांचा होकार आण.

सरांनीच सुभानला घडवलं होतं. निवृत्तीनंतर ते अंगणात विडा कुटत बसत.

समोर बसलेल्या सुभानच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर एक तुळई झोकात वाकली होती. मधोमध लालभडक.

“वजन दहापट कर.”

सुभाननं केलं. कोपऱ्यातले आकडे बदलले. तुळई होती तशीच.

“वाकली नाही रे?”

“वाकली की. पण चित्र पडद्यात मावावं म्हणून माप आपोआप जुळतं, सर.”

“आणि खरी तुळई?”

“एवढ्या वजनाला? ...मोडेल.”

“हं.”

सर पुन्हा विडा कुटू लागले.

“पोरांना आकार कळला की पुरे, सर! तुम्ही नुसतं हो म्हणा. मी निघतो.”

सर उठले. भिंतीला टेकवलेली पातळ फळी त्यांनी अंगणातल्या पाण्यानं भरलेल्या हौदावर आडवी टाकली. सुभानच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलला आणि उघडाच तिच्या मधोमध ठेवला.

“सर!”

“ओरडू नको.”

सरांनी शेजारी एक वीट ठेवली. मग आणखी एक.

“अहो सर, सगळं काम त्यातच आहे! दुसरीकडं कुठंच नाही!”

“वाकली का?”

“नाही... थांबा.”

सुभान गुडघ्यांवर बसला. गाल हौदाच्या काठाला टेकवला, एक डोळा मिटला आणि फळीची कड न्याहाळू लागला. वर पडद्यावरची तुळई तशीच झोकात, लालभडक. तिच्याकडं त्यानं पाहिलंही नाही.

“वाकली, सर. गव्हाच्या दाण्याएवढी.”

सरांनी तिसरी वीट ठेवली.

“आता जास्त! सर, कुरकुरतेय ती!”

“मला नाही ऐकू आलं.”

“मला आलं ना!”

सुभाननं दोन्ही हात फळीखाली घातले. बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

सर चौथी वीट हातात धरून उभे राहिले.

“जा, शिकव उद्यापासून,” ते म्हणाले. “पण पोरांचं काय ठेवशील फळीवर?”