बिनभिंतीचे घाणे

तेलसांगवीच्या घाणेआळीत रस्त्याच्या बाजूला एकाही घाण्याला भिंत नाही. पावसाळ्यात झड थेट बैलाच्या अंगावर येते, तरी कोणी साधी ताटीसुद्धा लावत नाही. बाहेरून आलेली माणसं हसतात. मग आळीतल्या म्हाताऱ्या इठाबाई त्यांना बसवून घेतात आणि लखबाची गोष्ट सांगतात.

लखबा तेली मोठ्या नावाचा. त्याचा घाणा मात्र बंद दाराआड चाले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो म्हणे. एका वर्षी करडई फार कमी पिकली. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून त्यानं माळावरच्या पिवळ्या धोत्र्याचं बी करडईत मिसळलं, असं सांगतात. मूठभरानं काय होतंय, असं त्याला वाटलं. महिन्याभरात गावातल्या माणसांचे पाय सुजू लागले आणि लोक लखबाच्या दाराशी जमले.

त्याची लेक चिमा गावातच दिलेली. ती गर्दीतून पुढे आली. "माझ्या बाच्या तेलात खोट न्हाई. आठ दिस ह्येच तेल खाईन म्या, समद्यांदेखत," ती म्हणाली.

लखबाच्या तोंडचं पाणी पळालं. "तू कशाला यात पडतीस, पोरी?" एवढंच तो बोलला.

"मग कुनी पडायचं, बा?"

रोज दुपारी चावडीवर बसून चिमा वाटीभर तेल भाकरीवर ओतून खाई. लखबा समोर उभा असे. उद्या सांगू, असं तो रोज ठरवी आणि अब्रूच्या भयानं गप्प राही. काय जाळायची होती ती अब्रू? आठव्या दिवशी चिमाला श्वास पुरेना. तेव्हा कुठे तो तिच्या उशाशी बसून सगळं बोलला.

"पयल्याच दिशी सांगायचं हुतंस, बा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणे. दोन दिवसांनी ती गेली.

तेरावा झाल्यावर लखबानं पहार घेतली आणि घाण्याची पुढची भिंत एकट्यानं पाडली. झापड बैलाच्या डोळ्यांवर असू द्या, गिऱ्हाइकाच्या नको, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. त्याचं तेल घ्यायला कोणीच उरलं नव्हतं. पण हळूहळू शेजारच्या तेल्यांनीही आपापल्या भिंती उतरवल्या.

आजही नव्या हंगामाचं तेल निघालं की घाण्याचा मालक ते भर रस्त्यात भाकरीवर घेऊन खातो. असे आठ दिवस जातात. तोवर घरातल्या लेकींना त्या तेलाचा थेंबही देत नाहीत.