मिठाची रिकामी वाटी

एक वृद्ध गुरुजी इंटरनेटचे पत्ते वाटण्याचं काम करत असत. आता इंटरनेटला कसला आलाय पत्ता, असं तुम्ही म्हणाल. तर घराला जसा नंबर, तसा तिथल्या यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो. तो नसेल तर निरोप दारापर्यंत येत नाही. जुन्या पद्धतीचे, सगळ्या यंत्रांना ओळखता येणारे पत्ते थोडेच उरले होते. त्यांची वाटणी गुरुजींनी शिष्यावर सोपवली.

एका शेठनं उरलेले सगळेच मागितले. पसारा मोठा, कागद चोख. शिष्यानं देऊन टाकले. मागाहून डोंगरातल्या छोट्या प्रसूतिगृहाच्या शेवंताबाई आल्या. त्यांना दोन-चारच हवे होते.

"एवढ्याशासाठी वेगळे कशाला, बाई? शेठच्या मार्फत भाड्यानं घ्या की."

बाई गेल्या.

पुढे गुरुजींकडे सत्यनारायण झाला. पंगत बसली, पहिल्या पानावर शेठ, अगदी टोकाला शेवंताबाई. शिष्य मीठ वाढायला निघाला, तोच गुरुजींनी वाटी घेतली आणि सगळी शेठच्या पानावर उपडी केली.

"अहो गुरुजी, मी माणूस आहे, म्हैस नव्हे," शेठ म्हणाला. पंगत हसली.

शिष्य आतून मीठ आणायला वळला. "राहू दे," गुरुजी म्हणाले. "होतं ते एवढंच."

टोकाला शेवंताबाई अळणी वरणभात मुकाट जेवत होत्या. शिष्य ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "बाई, इंटरनेट नीट चालतंय ना?"

"चालतंय की. मध्ये शेठनं पत्ते बदलले, तेव्हा शहरातल्या डॉक्टरीणबाईंचं यंत्र आम्हाला ओळखेना. नेमकी एक बाळंतीण अडली होती." त्यांनी भात कालवला. "गेली ती."

शिष्य गुरुजींजवळ आला. "मी पत्ते नियमानंच दिले होते. ज्याची गरज मोठी, त्याला जास्त."

"भात भुकेप्रमाणे वाढावा, बाळा. मीठ आधी प्रत्येक पानावर पडावं लागतं, मग बाकीची भांडी काढायची. शेवंताबाई चिमूटभरच मागतात, म्हणून त्यांची गरजही चिमूटभर, असं तू धरून चाललास."

"मग शेठकडून थोडे पत्ते परत मागू?"

गुरुजींनी शेठच्या पानाकडे पाहिलं. बाजूला सारलेला मिठाचा ढीग वरण लागून ओला झाला होता.

"एकाच्या पानातलं उचलून दुसऱ्याला वाढता येतं का रे?"



पंगत उठली तेव्हा शेवंताबाईंचं पान शिष्यानं स्वतः उचललं. त्या नको नको म्हणत राहिल्या.