गावाचा पाय

कैक पिढ्यांमागची गोष्ट आहे. पोरांनो, तुम्ही तर ऐकाच, पण मोठ्यांनीही जरा कान द्या.

दोन गावांच्या मधे एक माळ होता. दरसाल सुगी आटोपली की तिथे चामड्याच्या लांबट चेंडूचा सामना रंगायचा. चेंडू लाथेने उडवायचा आणि हवेतच पकडायचा. पकडणाऱ्याने "झेल!" अशी आरोळी ठोकली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. त्याची लाथ बसेपर्यंत कुणी त्याला शिवायचं नाही, असा रिवाज होता.

वरच्या गावात एक तरुण विणकर होता. गडी असा उडायचा, की पुढच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून चेंडू वरच्या वर काढायचा. लोक त्याला झेल्याच म्हणत. पाटील म्हणाले, "अरे, माग कसला चालवतोस? तुझा पाय तो गावाचा पाय. गाव तुला जन्मभर पोसेल."

आई म्हणाली, "माग तेवढा राहू दे रे." ऐकतो कोण! त्याने माग मोडून सरपणाला लावला.

सात वर्षं गाव जिंकलं. आठव्या वर्षी भर सामन्यात त्याचा गुडघा कटकन निखळला. तो कळवळून म्हणाला, "पाटील, मला बाहेर घ्या."

"गावाचा पाय आहे तो, असा कसा बसेल?" म्हणत पाटलांनी गुडघा करकचून बांधायला लावला. झेल्या खेळला. गाव जिंकलं. पाय मात्र कायमचा गेला.

थंडीत तो काठी टेकत चावडीवर गेला. "पाटील, घरात दाणा नाही."

पाटील पानाला चुना लावत म्हणाले, "पाय तुझा, दुखणं तुझं. गावाने काय करावं?"

काय म्हणावं या माणसांना! आठ वर्षं ज्याला खांद्यावर घेऊन नाचले, त्याला आता पोरंसोरंसुद्धा लंगड्या म्हणू लागली.

पुढच्या सुगीनंतर तो माळाच्या कडेला सामना बघत उभा होता. चेंडू भरकटत त्याच्याकडेच आला. हातांना जुनी सवय. काठी गळाली, चेंडू छातीशी आला, आणि तो जीव खाऊन ओरडला, "झेल!"

कुणी थांबलं नाही. त्याच्याच गावच्या गड्यांनी त्याला लोळवून चेंडू हिसकावला.

"सर की लंगड्या, मधे कुठे कडमडतोस!" पाटील खेकसले.

तो काठी शोधून उठेपर्यंत सामना माळाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता.

म्हणून सांगतो, टाळ्यांच्या भरवशावर कुणीही आपल्या हाताने आपला माग मोडू नये.