पाखरीचा दुखरा पाय

डोंगरात गाडीवाट नव्हती तेव्हाची गोष्ट. पाखरी घोडीला नवे नाल ठोकताना एक खिळा खुराच्या कोवळ्या मांसात रुतला. पाऊल टेकलं की जीव कळवळे, पण ती निमूट चाले. लंगड्या घोडीला मालक रानात सोडून देतात, असं तिनं ऐकलं होतं.

"पाय चोरतेस तू," सामान वाहणारा बिननालाचा गोंद्या तट्टू म्हणाला.

"हळू बोल! कुणी ऐकेल."

"आणि घाटात पाय दुमडला तर? पाठीवर माणूस असतं, बाई."

दुसऱ्या दिवशी मालकानं आपली लहान लेक पाखरीवर बसवली. घाटात एका अंगाला खोल दरी होती. उतारावर पाय लटपटला, दगड घरंगळत खाली गेले आणि पोरीनं घाबरून आयाळ गच्च धरली. पाखरी जागीच थांबली. मालकानं चाबूक उगारला, तरी ती हलली नाही. तिनं दुखरा पाय उचलून धरला.

मालकानं खूर पाहिला. लेकीला उतरवून त्यानं सामानातल्या सांडशीनं नाल उपसला, तसं रक्त वाहिलं. तिथूनच एक वाट रानात उतरत होती. त्यानं लगाम धरला आणि पाखरीनं डोळे मिटले. लगाम ओढला गेला, तो घराच्या दिशेनं.